डोंगरही दिसावा, शनीही दिसावा: दोन्हींसाठी एकच दुर्बीण निवडताना

१६०९ च्या ऑगस्टमध्ये गॅलिलिओ व्हेनिसच्या काही मातब्बर मंडळींना घेऊन सेंट मार्कच्या घंटा-मनोऱ्यावर चढला. त्याच्याजवळ आठ-नऊ पट मोठं दाखवणारी एक नळी होती. तिच्यातून समुद्रावरची इतकी दूरची गलबतं दिसली, की नुसत्या डोळ्यांना ती दिसायला आणखी दोन तास लागले असते. दुर्बिणीचं पहिलं मोठं कौतुक झालं ते असं दिवसाउजेडी, जमिनीवरचं काहीतरी बघताना. पुढच्या जानेवारीत गॅलिलिओने वीस पट दाखवणारी सुधारलेली नळी आकाशाकडे वळवली आणि त्याला गुरूचे चंद्र सापडले.

म्हणून "मला निसर्गही बघायचाय आणि आकाशही, एकच दुर्बीण पुरेल का?" असं कुणी विचारलं की मला ती मागणी अवाजवी वाटत नाही. सुरुवातीला दुर्बीण एकच होती, वाटा नंतर फुटल्या. त्या का फुटल्या हे कळलं की निवड निम्मी सोपी होते.

उलट्या चित्राची गोष्ट

गॅलिलिओच्या नळीत पुढे बहिर्वक्र भिंग होतं आणि डोळ्याशी अंतर्वक्र. त्यामुळे चित्र सुलट दिसे, पण दिसणारा तुकडा फार लहान. वीस पटीला अख्खा चंद्रसुद्धा एका वेळी मावत नसे. १६११ मध्ये केप्लरने डोळ्याशीही बहिर्वक्र भिंग लावण्याची रचना मांडली. त्याने दृष्टिक्षेत्र ऐसपैस झालं, मात्र चित्र उलटं झालं: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. आज मिळणाऱ्या भिंगांच्या जवळपास सगळ्या दुर्बिणी या केप्लरच्या घराण्यातल्या आहेत.

आकाश बघणाऱ्यांनी हा उलटेपणा सहज पत्करला. शनी उलटा दिसला तरी तो शनीच असतो, आणि चित्र सुलट करायला जी जादा काच घालावी लागते ती थोडा का होईना प्रकाश खाते. अंधूक तारे बघणाऱ्याला तेवढाही प्रकाश गमवायचा नसतो. जमिनीवरचं बघणाऱ्यांना मात्र हे चालेना. शेंडा खाली आणि बुंधा वर असलेलं झाड किती वेळ बघणार? त्यांनी आधी जादा भिंगं घातली, मग लोलक, म्हणजे प्रकाश वळवणारे काचेचे ठोकळे, आले. इग्नात्सिओ पोरो या इटालियन संशोधकाने १८५४ मध्ये लोलकांच्या जोडीने चित्र सुलट करण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं आणि पुढे बायनॉक्युलरला तिनेच आकार दिला.

आता याचा आपल्या खरेदीशी काय संबंध? भिंगाच्या दुर्बिणीच्या मागच्या टोकाला काटकोनात वळलेला एक तुकडा असतो, त्याला डायगोनल म्हणतात. त्यात आरसा असतो, म्हणून वर-खाली ठीक होतं, पण डावं-उजवं आरशातल्यासारखं बदललेलं राहतं. डोंगराची कड बघताना हे जाणवत नाही. फांदीवरचा पक्षी उडाला की जाणवतं. तो उजवीकडे गेला म्हणून हात उजवीकडे वळतो आणि पक्षी मात्र खरं तर डावीकडे गेलेला असतो. दूरची पाटी वाचायला गेलात तर अक्षरं उलटी.

उपाय अगदी सोपा आहे. आरशाऐवजी अमीची लोलक असलेला ४५ अंशांचा डायगोनल मिळतो, त्यातून चित्र पूर्ण सुलट दिसतं. दिवसा तो लावायचा आणि रात्री आरशाचा ९० अंशांचा. रात्री लोलकाचाच का नको, तर दोन कारणं आहेत. एक म्हणजे ४५ अंशांच्या डायगोनलमधून डोक्यावरचा तारा बघायला मान पार मागे टाकावी लागते. दुसरं म्हणजे या लोलकाला मध्ये एक धार असते आणि जास्त वर्धनाला, म्हणजे चित्र जास्त पट मोठं करताना, तेजस्वी ताऱ्यातून किंवा ग्रहातून त्या धारेमुळे प्रकाशाची रेघ निघालेली दिसते. हे दोन डायगोनल पिशवीत असले की एका दुर्बिणीच्या दोन होतात. नवीन माणूस वर्धनाचे आकडे तासन्‌तास वाचतो आणि या छोट्या वस्तूबद्दल विचारतच नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

जमिनीला काय हवं, आकाशाला काय हवं

अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. दुर्बिणीचं पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं असेल तर व्यास दहापट झाला, म्हणजे क्षेत्रफळ शंभरपट आणि गोळा होणारा प्रकाशही शंभरपट. रात्री मोठ्या भिंगाला मोल आहे ते यामुळे. शिवाय मोठं भिंग बारकावेही जास्त सोडवून दाखवतं. खूप जवळ असलेले दोन तारे ६० मिलिमीटरमध्ये एकच ठिपका दिसतात, तेच १०० मिलिमीटरमध्ये सुटे होतात.

दिवसा हिशेब वेगळा असतो. उजेड मुबलक, आणि बाहुलीही आकसून दोन-तीन मिलिमीटरची झालेली. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी काढायला भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागायचं. १५० मिलिमीटरची दुर्बीण २५ पटीला वापरली तर हा झोत ६ मिलिमीटर जाड होतो. दिवसाच्या अडीच मिलिमीटरच्या बाहुलीत त्याचा मधला थोडासाच भाग शिरतो, बाकीचा वाया. एवढी जड नळी वाहून नेली आणि तिचा मोठा हिस्सा वापरलाच नाही, असं होतं.

आरशाच्या दुर्बिणीत तर याहून विचित्र प्रकार घडतो. तिच्या तोंडाशी एक छोटा दुय्यम आरसा असतो आणि त्याची सावली त्या झोताच्या बरोब्बर मध्यावर पडलेली असते. रात्री बाहुली मोठी असते, त्यामुळे ती जाणवत नाही. दिवसा कमी वर्धनाला बाहुली लहान आणि सावली मोठी, म्हणून दृश्याच्या मधोमध काळसर डाग तरंगायला लागतो. दुर्बीण बिघडली असं वाटून लोक घाबरतात. बिघाड काहीच नसतो.

मग येते हवा. दूरचा डोंगर बघताना प्रकाश तापलेल्या जमिनीला चाटून, हवेच्या किलोमीटरभर थरांतून येतो. दुपारी त्या हवेत लाटा उठतात आणि चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलतं. अशा वेळी ४० पटीच्या पुढे गेलात तर बारकावे वाढत नाहीत, लाटाच मोठ्या दिसतात. सूर्य वर येण्याआधीची किंवा उगवल्यानंतरच्या पहिल्या तासाभरातली वेळ यासाठी उत्तम, पाऊस पडून गेल्यावरची स्वच्छ हवा तर त्याहून उत्तम. जमिनीवरच्या कामासाठी २० ते ६० पट हा व्यवहारातला पल्ला आहे. आकाशात वर बघताना दाट हवेचा थर बराच कमी लागतो, म्हणून ग्रहांसाठी शंभर-सव्वाशे पट चालून जातं.

एका बाबतीत मात्र जमीन आणि आकाश यांचं चांगलं जमतं. दोघांनाही रुंद दृष्टिक्षेत्र आवडतं. एक अंशाचं क्षेत्र म्हणजे एक किलोमीटरवर साडेसतरा मीटर, पण शंभर मीटरवर जेमतेम पावणेदोन मीटर. एवढ्याशा चौकटीत दाट झाडीतला पक्षी शोधणं किती कठीण आहे याचा अंदाज येईल. तिकडे आकाशात कृत्तिकांचा पुंजका दोनेक अंशांच्या चौकटीत छान बसतो आणि देवयानी दीर्घिकेचा विस्तार तीन अंशांपर्यंत जातो. म्हणून ज्या दुर्बिणीत २० ते २५ पटीला दोन अंश दिसतात, ती दोन्हीकडे सुख देते.

कोणता प्रकार

हातात आजवर कुठलीच दुर्बीण धरली नसेल तर बायनॉक्युलरपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावरच्या दोन आकड्यांपैकी पहिला वर्धनाचा आणि दुसरा भिंगाच्या व्यासाचा: ८x४२ किंवा १०x५०. दोन्ही डोळ्यांनी, सुलट, रुंद दृश्य. चंद्रावरची मोठी विवरं, कृत्तिका, मृग नक्षत्रातला तेजोमेघ हे सगळं त्यात दिसतं, आणि कोपर कशावर तरी टेकवून हात स्थिर ठेवला तर गुरूचे चंद्रही ठिपक्यांसारखे दिसतात. शनीची कडी मात्र दिसत नाही. त्यांना २५-३० पट तरी लागते, आणि बहुतेकांची दुर्बिणीची खरी ओढ तिथूनच सुरू होते.

बहुतेक वेळ पक्षी आणि डोंगर, अधूनमधून चंद्र आणि ग्रह, असा तुमचा बेत असेल तर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे मुख्यतः जमिनीवरचं बघायला बनवलेली छोटी दुर्बीण, घ्या. ६० ते ८० मिलिमीटरचं भिंग, साधारण २० ते ६० पटीचा झूम, आत लोलक असल्याने चित्र कायम सुलट. चांगल्या स्कोपमध्ये पाणी आणि धूळ शिरत नाही, पिशवीत टाकून डोंगर चढता येतो. याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. बऱ्याच स्कोपची नेत्रिका, म्हणजे डोळ्याशी असलेला भिंगांचा तुकडा, बदलता येत नाही, झूमच्या कमी टोकाला क्षेत्र काहीसं अरुंद असतं आणि साठ पटीच्या पुढे जाण्याची सोय क्वचितच असते. आकाशाचा विचार असेल तर सरळ नळीचा स्कोप टाळावा, नेत्रिका ४५ अंशांत वळलेला घ्यावा. सरळ नळीतून डोक्यावरचा तारा बघायचा तर जमिनीवर आडवंच व्हावं लागतं.

दोन्ही ओढी सारख्या असतील तर माझं उत्तर आहे ७० ते ८० मिलिमीटरची, ४०० ते ६०० मिलिमीटर नाभीय अंतराची (म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा उमटते तिथपर्यंतच्या अंतराची) भिंगाची दुर्बीण. ती पाठीवरच्या पिशवीत मावते, बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत तयार होते आणि नेत्रिका हव्या तशा बदलता येतात. ८० मिलिमीटर व्यास आणि ६०० मिलिमीटर नाभीय अंतर असलेली नळी धरू. वर्धन काढायला दुर्बिणीच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागायचं. २५ मिलिमीटरची नेत्रिका लावली की २४ पट, क्षेत्र सुमारे दोन अंश आणि झोत ३.३ मिलिमीटरचा: समोरच्या दरीलाही उत्तम, कृत्तिकांनाही उत्तम. ६ मिलिमीटरची लावली की १०० पट, शनी आणि गुरूसाठी. मधल्या कामासाठी १२ मिलिमीटरच्या आसपासची एक. एवढ्या तीन नेत्रिकांवर कित्येक वर्षं आनंदात जातात. चष्मा लावून बघणार असाल तर डोळा नेत्रिकेपासून १५ ते २० मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण क्षेत्र दिसेल अशाच नेत्रिका घ्या, नाहीतर चौकटीच्या कडा कापल्या जातील.

या प्रकारात रंगांकडे लक्ष द्यावं लागतं. साध्या दोन भिंगांच्या जोडीत सगळे रंग एकाच ठिकाणी केंद्रित होत नाहीत. उजळ आकाशापुढची काळी फांदी, चंद्राची कड, गुरूचा गोळा यांच्याभोवती जांभळी झाक येते. नळी जितकी आखूड तितकी ही झाक जास्त. ईडी नावाने ओळखली जाणारी विशेष काच वापरलेल्या दुर्बिणीत ती फार कमी होते, आणि किंमत त्या मानाने बरीच चढते. पक्ष्यांच्या पिसांचे रंग तुम्हाला जीव की प्राण असतील तर ईडी घ्या. नुसते डोंगर, तळी आणि तारकापुंज बघायचे असतील तर साधी जोडीही निराश करत नाही.

माक्सुतोव हा आणखी एक प्रकार. दिमित्री माक्सुतोव या रशियन शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये ही रचना शोधली. पुढे जाड वाटीसारखं भिंग आणि मागे आरसा. प्रकाशाची वाट आतल्या आत दुमडलेली असल्याने लांब नाभीय अंतर आखूड नळीत बसतं. ९० मिलिमीटरच्या माक्सुतोवचं नाभीय अंतर १२५० मिलिमीटरच्या आसपास असतं. रंगांची झाक जवळपास नाही, आणि चंद्र-ग्रह फार सुरेख दिसतात. पण ३२ मिलिमीटरची नेत्रिका लावूनही वर्धन ३९ पट आणि क्षेत्र सव्वा अंशाच्या आसपास. एका जागी बसलेल्या गोष्टी, म्हणजे घरटं, दूरचं शिखर, नांगरलेलं जहाज, बघायला ती छान. उडणाऱ्या पक्ष्याचा पाठलाग तिच्याने होत नाही. घरातून बाहेर नेल्यावर बाहेरच्या तापमानाला यायलाही तिला अर्धा तास द्यावा लागतो.

न्यूटनने १६६८ मध्ये बनवलेल्या आरशाच्या दुर्बिणीचे वंशज आकाशासाठी सर्वांत किफायतशीर आहेत. तेवढ्याच खर्चात सर्वांत मोठा व्यास त्यांच्यातच मिळतो. तरीही या दुहेरी कामासाठी मी त्या सुचवत नाही. नेत्रिका नळीच्या वरच्या टोकाला, बाजूला. चित्र उलटं, आणि वर सांगितलेला तो काळा डागही आहे. मन मुख्यतः तारकापुंज आणि तेजोमेघांत असेल तर १३० किंवा १५० मिलिमीटरची न्यूटनी दुर्बीण आणि दिवसासाठी वेगळं बायनॉक्युलर अशी जोडी घ्यावी. त्या माणसासाठी एकच दुर्बीण हा हट्ट सोडणंच शहाणपणाचं आहे.

पेटीवरचा मोठा आकडा

छोट्या ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीच्या पेटीवर ५२५ पट असं ठळक छापलेलं असतं. भिंगाच्या दर मिलिमीटरला दोन पट ही वर्धनाची व्यवहारातली कमाल आहे, म्हणजे ६० मिलिमीटरला १२०. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक आणि पुसट, नवीन काहीच दिसत नाही. असा आकडा मिरवणारी पेटी मी तिथेच ठेवून द्यायला सांगतो, कारण जिथे आकड्यात प्रामाणिकपणा नाही तिथे तिपाईतही तो नसतो.

आणि तिपाई हे मोठं प्रकरण आहे. १०० पटीला दुर्बीण हलणंही १०० पट दिसतं. खरेदीच्या वेळी दुर्बीण जास्त वर्धनावर लावून नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र किती वेळात थांबतं ते मोजा. एक-दोन सेकंदांत थांबलं तर उत्तम. पाच सेकंद लागत असतील तर वाऱ्याच्या झुळुकीतही बघता येणार नाही. पाय पूर्ण लांब न करता खुर्चीवर बसून बघितलं तर तीच तिपाई पुष्कळ स्थिर होते.

तिपाईच्या माथ्याचे दोन प्रकार असतात. एक वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा, दुसरा पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा. दुसरा ताऱ्यांमागे जायला बनवलेला आहे, त्याच्यावरून डोंगराची कड चाचपायला गेलात तर नळी तिरकीच सरकते. आपल्या कामाला पहिला, आणि त्याला सावकाश फिरवायच्या मुठी असाव्यात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे १०० पटीला अर्ध्या अंशाच्या चौकटीतून ग्रह दोन मिनिटांत निघून जातो. मुठी असल्या की हलक्या हाताने त्याला चौकटीत ठेवता येतं. संगणकाने चालणारा माथा घेणार असाल तर तो मोटर न लावता हातानेही फिरतो का हे आधी विचारा. काही फिरत नाहीत, आणि मग पक्षी उडून गेल्यावर मोटर तिथे पोचते.

विचारण्यासारखी आणखी एक गोष्ट: सर्वांत जवळचं किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं? वस्तू जवळ आली की प्रतिमा मागे सरकते. ६०० मिलिमीटरच्या नळीत वीस मीटरवरचं झाड बघायचं तर नेत्रिका ताऱ्यांच्या जागेपासून जवळजवळ दोन सेंटिमीटर बाहेर ओढावी लागते. तेवढी सरकायला जागा नसेल तर अंगणातला पक्षी कधीच स्पष्ट होणार नाही.

सूर्य

दिवसा दुर्बीण वापरणाऱ्याला एक धोका कायम असतो, आणि तो मी अतिशय गांभीर्याने सांगतो. सूर्य चौकटीत आला तर डोळा एका क्षणात कायमचा अधू होऊ शकतो, आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, म्हणून कळतही नाही. पक्ष्यामागे नळी फिरवताना सूर्य कुठे आहे याचं भान सतत हवं. शक्य तर भिंतीच्या किंवा झाडाच्या अशा आडोशाला उभे राहा, की सूर्याची बाजू झाकलेलीच राहील. मुलं बघत असतील तर जवळून हलू नका. काम नसताना पुढचं झाकण लावा आणि शोधकावरही लावा. मुख्य नळीवर बसवलेली, नेम धरायची ती नळीही छोटी दुर्बीणच असते. सूर्य बघायचाच असेल तर नळीच्या तोंडावर पूर्ण बसणारा, त्यासाठीच बनवलेला सौर फिल्टरच वापरा. नेत्रिकेत आटा देऊन बसवायचा काळा सूर्यफिल्टर कुठल्या संचात सापडला तर तो फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेने तो अचानक तडकतो.

पहिला दिवस

दोन्हीकडे चालणाऱ्या दुर्बिणीचा एक फायदा पहिल्याच दिवशी हाती येतो. शोधक आणि मुख्य दुर्बीण एकाच बिंदूकडे रोखलेल्या हव्यात आणि ही जुळवणी अंधारात करणं त्रासाचं असतं, कारण तारा हलत राहतो. दिवसा ती सोपी आहे. किलोमीटरभर दूरचं मनोऱ्याचं टोक किंवा एकटं झाड २५ मिलिमीटरच्या नेत्रिकेने मध्यभागी आणा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून त्याच्या फुलीवर तेच टोक आणा. खिडकीच्या काचेतून हे करू नका, बाहेर या. खिडकीची काच सपाट दिसली तरी दुर्बिणीच्या दृष्टीने ती ओबडधोबड असते. उघड्या खिडकीतही घरातली आणि बाहेरची हवा मिसळून चित्र थरथरतं.

संध्याकाळ झाली की लोलकाचा डायगोनल काढून आरशाचा लावा आणि आधी चंद्र गाठा. पौर्णिमेचा नको, अर्धा बघा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात आणि सगळ्यात जास्त खोली तिथेच दिसते. मग शनी आकाशात असेल तर त्याच्याकडे वळा. २०२५ मध्ये त्याची कडी आपल्याला बरोबर कडेने, रेघेसारखी दिसत होती. आता ती हळूहळू उघडत चालली आहेत आणि २०३२ च्या सुमारास पुरती उघडलेली असतील. ६ मिलिमीटरची नेत्रिका लावा, हवा शांत होईपर्यंत डोळा तिथेच ठेवा. मधूनच चित्र क्षणभर स्थिर होतं, आणि त्या क्षणात गोळा आणि कडी यांच्यामधली काळी फट दिसते.